सहलीचं पाकीट

फेब्रुवारीची सात तारीख, शुक्रवार, सकाळी साडेदहा. रक्कम पंच्याऐंशी रुपये. मुख्याध्यापिकांच्या खोलीत त्या स्वतः, वर्गबाई, मी आणि पाचवीतली माझी मुलगी. मुलगी खुर्चीच्या हाताचं सोललेलं रेक्झिन आणखी सोलत होती.

सतरा मुलींचे प्रत्येकी पाच रुपये, दौलताबादच्या सहलीचे. मंगळवारी नामांतराचा मोर्चा निघणार म्हणून शाळा दुपारीच सोडली. त्या घाईत बाईंनी पाकीट माझ्या मुलीच्या हातात दिलं, ऑफिसात पोचवायला सांगितलं. ते पोचलं नाही. असं बाईंचं म्हणणं.

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात माल तपासायला होतो. बाद झालेल्या प्रत्येक नगाची तिथं नोंद व्हायची. मुलगी रोज काही ना काही हरवायची, अर्धं जेवून उठायची, एक गणित सोडवता सोडवता दारात जाऊन उभी राहायची. म्हणून घरीही मी तशीच वही सुरू केली. तारीख, वस्तू, कारण, सही. कारण तिनं स्वतः लिहायचं. चार महिन्यांत त्रेसष्ट नोंदी झाल्या. सुरुवातीला कारणाच्या रकान्यात ‘विसरले’, ‘घाई झाली’ असं असायचं. दिवाळीनंतर प्रत्येक ओळीत एकच, ‘मी अशीच आहे’. मी अक्षर तपासायचो. मजकूर तेव्हा कधी वाचला नाही.

बायको म्हणायची, “लई झालं तुमचं रजिस्टर. लेकरू आहे ते, कारखान्यातला नट-बोल्ट नाय.”

मुलीचं हे हरवणं, अर्ध्यावर सोडणं हा एक आजार आहे, त्याला नाव आहे, हे आम्हाला कळलं तेव्हा मुलगी बावीस वर्षांची होती.

त्या शुक्रवारी मी वही शाळेत नेली. आमच्या घरी शिस्त आहे, हे दाखवायचं होतं. मुख्याध्यापिकांनी चार पानं चाळली आणि वही बाईंकडे सरकवली. बाईंनी ती वाचली, मिटली आणि म्हणाल्या, “बघा. घरूनच लिहून आलंय.”

मुख्याध्यापिकांनी मुलीला विचारलं, “पाकीट तुझ्याकडे दिलं होतं ना?”

“माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे?”

ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, “खरं सांग. आठव.”

“दिलं असेल.”

“मग गेलं कुठं?”

“हरवलं असेल. मी हरवते.”

खिडकीबाहेर वर्गातल्या दोघी कान लावून उभ्या होत्या. एक म्हणाली, “हिचं डोकंच शोधा आधी, पाकीट त्यातच सापडंल.” दुसरी हसली. बाईंनी त्यांना हाकललं, पण हसू बाईंच्याही ओठांवर होतं. मुलगीही हसली. मला तेव्हा त्याचाच राग आला.

मी तिथंच पंच्याऐंशी रुपये मोजून दिले आणि तिला चौसष्टावी नोंद करायला लावली. तिनं न विचारता कारण लिहिलं, सही केली. शिक्षा म्हणून सहलीला पाठवलं नाही. शनिवारी बाकीच्या सोळा जणी गेल्या.

एकोणीस दिवसांनी मला शाळेत बोलावलं. घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात बाईंना पाकीट सापडलं होतं, जसंच्या तसं. बाई खाली बघून म्हणाल्या, “मोर्चाच्या गडबडीत माझ्याकडूनच राहिलं. मला वाटलं, हिला दिलं.” हे स्वतःहून सांगायला धीर लागतो. तो त्यांनी दाखवला. मुलगी शेजारच्याच वर्गात होती. तिला बोलवा, असं मुख्याध्यापिका म्हणाल्या नाहीत, बाई म्हणाल्या नाहीत. मीही म्हणालो नाही.

जेवताना मी तिला सांगितलं, “पाकीट सापडलं. बाईंकडेच होतं. तू हरवलं नव्हतंस.”

“मीच ठेवलं असेल त्यांच्याकडं.”

“नाही गं. बाई स्वतः म्हणाल्या.”

“बरं.”

मी वही आणली. म्हणालो, “ही नोंद खोडून टाक.”

तिनं पेन घेतलं नाही. “राहू द्या ना, बाबा. पुढं कधी हरवलं तर त्यात धरा.”

बायको ताटावरून उठून आत गेली.

शाळेनं पाकिटातले पंच्याऐंशी रुपये परत दिले आणि मुलगी सहलीला गेली नाही म्हणून तिच्या वर्गणीचे पाच. एकूण नव्वद. सगळे माझ्या हातात दिले, पावतीवर सही माझी.