कानबाईच्या फुलांत गेलेली चावी

त्या सोमवारी दुपारी आमच्या यांनी आंघोळ करून शर्ट घातला आणि हात पुढं केला. "चावी दे वं. चारले शेठले जळगाव लई जानं शे."

मी देवीच्या पाटाकडं गेली. पाट रिकामा.

आदल्या दिवशी श्रावणातला रोटांचा रविवार होता, आमच्याकडं कानबाई देवी बसली होती. गाडी शेठची, पण रात्री आमच्याच दारात उभी असायची. आमचे हे तिच्यावर ड्रायव्हर लागून दोनच महिने झाले होते, त्याच्या आधी दोन कामं सुटलेली. म्हणून मी कोणाला न विचारता चावी देवीपुढं फुलांत ठेवली. म्हटलं, आई, हे काम तरी टिकू दे. मग सोमवारी सकाळी देवी डोक्यावर घेतली, नाचत पांझरा नदीवर गेलो, पोरगी कडेवर रडरड रडत होती, आणि मी घाईत सगळी फुलं, पानं फडक्यात गोळा केली आणि पाण्यात सोडून दिली. वर हातही जोडले!

"कोठे शे चावी?" यांनी परत विचारलं.

मी सांगितलं. हे नदीकडं पळतच सुटले. मी पोरीला घेऊन मागं. गुडघ्याइतक्या पाण्यात दोघं चाचपत होतो, हाताला नुसते दगड आणि कोणाकोणाच्या देवीची पानं.

मग घरी येऊन यांनी एका ओळखीच्या ड्रायव्हरला फोन करून चावीवाला बोलावला. तो आला, कुलपात काहीतरी घालून बघितलं, मशीनवर चावी कापली, दार उघडलं. मला वाटलं सुटलो! चावी फिरवली, गाडी एकदा गुरगुरली आणि बंद. परत फिरवली, परत बंद. समोर लाल दिवा लुकलुक करायला लागला. मी तर गालावर थापट्या मारून घेतल्या. "देवी कोपली हो भाऊ."

तो हसला. "वहिनी, देवीला कशाला मध्ये आणता? असल्या चावीच्या डोक्यात चिप असते. गाडी ती ओळखते. नाही ओळखली की बंद पडते, चोरानं नेऊ नये म्हणून. आता या चावीची चिप मी गाडीला शिकवतो." मग यांना विचारलं, "दुसरी चावी कुठंय?"

"शेठकडे."

"मग आणा. नवी शिकवली की ही गाडी जुन्या सगळ्या विसरते. जी समोर नसेल ती मेली समजा."

"मरू दे तिले," हे म्हणाले. "कपाटमा पडेल शे ती. शेठले काहीच सांगानं नही."

चावीवाल्यानं मशीन खाली ठेवलं. "उद्या त्यानं ती लावली आणि गाडी चालू झाली नाही, तर काय म्हणेल? ड्रायव्हरनं चोरून चावी केली. तुम्हीही आत जाल, मीही जाईन. मी नाही करत."

यांचं तोंड उतरलं. "सांगं तरी मनी नोकरी जाई ना!" असं ओरडले आणि ओट्यावर बसून राहिले. अडीच वाजले होते. चारला गाडी शेठच्या दारात पाहिजे होती, त्यांच्या पोरीचं लग्न जमायचं होतं जळगावला. मी यांच्याशी कधी उलट बोललेली नाही. तेव्हाही बोलली नाही. पोरीला उचललं, चपला घातल्या आणि रिक्षात बसली. पूल ओलांडून देवपूरला शेठच्या घरी जाईपर्यंत काय बोलायचं ते पाठ करत होती, आणि शेठ समोर आले तसं सगळं विसरली. एका दमात ओकून टाकलं, फुलं, नदी, चिप, सगळं.

शेठ बघतच राहिले. "गाडी माझी आणि नवस तुझा? वा गं वा! आणि नवरा कुठंय तुझा? तो का नाही आला?"

पोरगी माझी बट ओढत होती. मी ती सोडवली. "मीच म्हटलं, चूक माझी, मी जाते."

त्यांनी कपाटातून चावी काढली. माझ्या हातात दिली नाही, खिशात घातली आणि माझ्याबरोबर रिक्षात बसले. मी पोरीला पदराखाली घेऊन कडेला आखडून बसलेली.

चावीवाल्यानं स्टेअरिंगच्या खाली वायर लावली. एकदा शेठची चावी, एकदा नवी. पहिल्यांदा जमलं नाही. शेठनी घड्याळ बघितलं. दुसऱ्यांदा गाडी चालू झाली, मी मनात म्हणत उभी, आता बंद पडेल, आता पडेल. पडली नाही. शेठनी स्वतः बसून दोन्ही चाव्या लावून बघितल्या आणि दोन्ही आपल्या खिशात टाकल्या.

"आता चावी माझ्या घरी राहणार," ते यांना म्हणाले. "उद्यापासून नोकरीचं काय ते रस्त्यात बोलू. चल, उशीर होतोय."

खिशातून नवी चावी काढून यांच्या हातावर ठेवली. हे माझ्याकडं न बघताच गेले.

मध्यरात्रीच्या सुमाराला हे परत आले, पायीच, देवपूरहून. मी पाण्याचा तांब्या दिला. अर्धा प्यायले.

"शेठनी इचारं, तुनी बायको नेहमी खरं बोलस का?"

शेठपुढं यांच्यासाठी बोललेलं ते एक खोटं मला आठवलं. "मंग? तुम्ही काय सांगं?"

"मी हा म्हनं." उरलेलं पाणी प्यायले. "सकाळे सहाले ये म्हने."