डबा पोचला म्हणजे मुली पोचल्या

बमरोलीच्या आमच्या गल्लीतल्या आठ मुली रोज संध्याकाळी शिवणक्लासला जातात ते इंदुबाईंमुळे. वाट वीस मिनिटांची. मधे मिलची लांबलचक भिंत, भरधाव टेम्पो, आणि माझ्या डोक्यात येतं ते सगळं. मी माझ्या मुलीचं, धनश्रीचं, नाव क्लासमधून काढणारच होते.

इंदुबाई पारोळ्याकडच्या. वीस वर्षं दारात बसून साड्यांचे धागे कापतात. त्या वाटेवर अशाच दारात बसणाऱ्या पाच जणी त्यांनी शोधल्या आणि मुलींच्या हाती एक स्टीलचा डबा दिला. प्रत्येक दारी तो दाखवायचा, मग पुढे जायचं. वेळेवर डबा आला नाही, तर त्या दारच्या बाईने उठून वाटेवरच्या आधीच्या दाराकडे चालू लागायचं. फोन का नाही? संध्याकाळी सगळ्यांचे फोन मुलांच्या ताब्यात असतात.

डबा रिकामाच जायचा होता. पण दुसऱ्या दिवशी पहिल्या दारच्या शांताबाईंनी त्यात शेव घातली. दुसऱ्या दारच्या सुमनने शेव काढून घेतली. मग रिकामा कसा द्यायचा, म्हणून ढोकळा भरला. तेव्हापासून डबा एकदाही रिकामा गेला नव्हता. एका संस्थेच्या ताई विचारायला आल्या, "मावशी, एवढं जाळं उभं कसं केलंत?" इंदुबाई म्हणाल्या, "मला नका विचारू. मी झाकणसुद्धा नीट बसत नाही असा डबा दिला होता."

श्रावणात कानबाईच्या सणासाठी इंदुबाई महिनाभर गावी गेल्या. मला वाटलं, संपलं. आता कोण लक्ष देतंय! धनश्रीला म्हटलं, "आज मुली घरी थांबतील. डबा मी नेते. वाटेत कुणी हटकलं नाही, तर उद्यापासून क्लास बंद."

"आणि हटकलं तर?"

"तर जा."

पहिल्याच दारी शांताबाईंनी डबा पाहिला, मला पाहिलं.

"मुली कुठायत?"

"येतायत मागून," मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं.

"मग येईपर्यंत बसा." डबा माझ्या हातातून गेला आणि मी साड्यांच्या गठ्ठ्यावर बसले होते.

"अहो, मी धनश्रीची आई!"

"डबा चोरणारी काय स्वतःला चोर म्हणेल?"

उठू लागले तर त्यांनी कात्री खाली ठेवली. मी परत बसले. तेवढ्यात डबा का आला नाही म्हणून सुमन तरातरा चालत आली, माझ्याकडे संशयाने बघत तशीच आमच्या गल्लीत गेली आणि आठही मुलींना मोजत घेऊन आली.

"ही तुझी आई?" शांताबाईंनी विचारलं.

धनश्रीने मला वरून खाली न्याहाळलं. फार वेळ न्याहाळलं.

"तोंडावरून तर तीच वाटते."

मुली क्लासला गेल्या. मला सोडलं, पण आधी डब्याचं झाकण उघडून बघितलं. मी घाईत काहीच भरलं नव्हतं.

"रिकामा?" सुमन म्हणाली. "मग संशय येणारच ना!"

घरी येऊन इंदुबाईंना फोन लावला. सगळं सांगितलं, तुम्ही नसतानाही त्यांनी मला अर्धा तास धरून ठेवलं, म्हटलं. धनश्रीचं नाव क्लासमधून काढत नाही, हेही सांगितलं.



"ते जाऊ दे," इंदुबाई म्हणाल्या आणि एकदम गावच्या बोलीवर आल्या. "तू रिकामा डबा लई गयी?"