लौझच्या बर्फावर शेवगा

शुक्रवारी पहाटे फजरची अजान होत होती, तेव्हा आम्ही डोंगरावरचा बर्फ पाहायला सौदी अरेबियातल्या तबूक शहराबाहेर पडलो. गाडीत मी, माझी पत्नी वंदना, नववीतली मुलगी ईरा आणि मागे आडवा पसरलेला शेवगा. शेवगा हा सलुकी (लांब पायांचा, सडपातळ शिकारी कुत्रा). पाय मोडल्यावर कोणीतरी त्याला वाळवंटात सोडून दिलं होतं. वंदना इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहे, तिने त्याला घरी आणलं. प्लॅस्टर निघालं, हाड सांधलं, पण तो मागचा उजवा पाय जमिनीला टेकवत नव्हता. वंदना रोज संध्याकाळी त्याच्याकडून व्यायाम करून घेई. तो निमूटपणे करू देई आणि मग तीन पायांवर निघून जाई. तो कधी धावेल की नाही, याची तिला झोपेतही काळजी होती.

जबल अल-लौझ म्हणजे बदामांचा डोंगर, उंची अडीच हजार मीटरच्या वर. शहरात पारा सहावर होता, पायथ्याशी एकवर. वरचा रस्ता पोलिसांनी अडवला होता, म्हणून सगळेच खालच्या उतारावर थांबले होते. लाल खडक, त्यावर पांढरा थर आणि जागोजागी शेकोट्या.

जवळच्या तंबूतल्या म्हाताऱ्या अबू नासिर यांनी आम्हांला हाक मारून अदस (मसुराचं दाट सूप) दिलं. आम्ही मेथीचे लाडू पुढे केले, त्यांनी एक खाऊन दुसरा खिशात टाकला. कुत्र्याला बाहेर ठेवतो म्हटलं, तर सलुकी तंबूत चालतो म्हणाले. त्यांनी शेवग्याचा पाय चाचपून पाहिला.

“अबू ईरा,” म्हणजे ईराचे बाबा, ते मला म्हणाले, “पाय बरा आहे. पण ससा दिसल्याशिवाय हा पळायचा नाही.”

मी मराठीत सांगितलं. वंदना म्हणाली, “अहो, विचारा त्यांना, ससा कुठे मिळतो. मी विकत घेते.”

अबू नासिर हसले. या थंडीत ससे बिळातच असणार होते.

घसरगाडी म्हणून आम्ही घरची कबसाची (मसाल्याचा भात आणि मटण) मोठी परात आणली होती. चांगली घसरावी म्हणून तिच्या तळाला मी निघताना भरपूर खोबरेल चोळलं होतं. ईरा परातीत बसली. मी ढकललं. परात जागची हलेना.

“बाबा, ये तो चिपक गया.”

परात उलटी केली. खोबरेल थिजून पांढरं झालं होतं आणि त्यावर बर्फाचे गोळे चिकटले होते. दर थंडीत बाटली उन्हात ठेवणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. वंदना माझ्याकडे पाहत राहिली.

शेवगा मात्र खूश झाला. त्याने सगळा तळ चाटून लख्ख केला. ईराने परात सरळ करून खाली ठेवली आणि हातमोजे घालायला वळली. तेवढ्यात वाऱ्याच्या झोताने रिकामी परात सुटली आणि उतारावरून सुसाट निघाली.

शेवग्याचे कान उभे राहिले. क्षणभर तो तीन पायांवर उभा होता, मग चारांवर होता आणि मग आमच्यापाशी नव्हताच. बर्फ मागे उडत होता, परात पुढे, शेवगा मागे. तळाशी त्याने तिला गाठलं आणि तिच्यावर पाय रोवून आमच्याकडे पाहिलं. उजवा पायही टेकलेला होता.

तंबूतून अबू नासिर ओरडून म्हणाले की ससा चांगला निघाला. वंदना उतारावर बसकण मारून रडत-हसत होती.

मग दुपारपर्यंत ईरा परातीतून घसरत होती आणि शेवगा तिच्यामागे धावत होता. दोनदा मीही बसलो. एकदा उलटलो, चष्म्याची काडी वाकली.

परतीच्या वाटेवर वंदनाने त्याचा पाय दाबून पाहिला. सूज नव्हती. तो परातीवर डोकं ठेवून घोरत होता. सोबत घेतलेल्या बाटलीतलं खोबरेल गाडीतल्या उबेने पुन्हा पातळ झालं होतं.

तिकडे जाणाऱ्यांना माझी एकच सूचना आहे. परातीला खोबरेल लावू नका. कुत्रा लंगडत असेल, तर जरूर लावा.