भिकुबाईंच्या तोंडातले टाके

कल्पना करा, केळ्याच्या सालीला चीर पाडून ती तुम्हाला शिवायची आहे. दोरा जरा जास्त ताणला की साल फाटते, सैल सोडला की फट उरते. यावलची ज्योत्स्ना असा सराव वर्षभर करत होती. केळीचे घड वाहणाऱ्या पुनाभाऊंची ही लेक, घराण्यातली पहिली डॉक्टर.

धुळ्याच्या दवाखान्यात तिनं एकटीनं काढलेली पहिली अक्कलदाढ भिकुबाईंची. टाके सावकाश विरघळणारे घातले होते. चौथ्या आठवड्यात भिकुबाई दारातूनच म्हणाल्या, "माय, दोरा अजून तोंडमा शे! बठ्ठा लोक म्हणतस, वढी टाक."

ज्योत्स्नानं त्यांना लगेच खुर्चीत बसवलं. आपलं काही चुकलं तर नाही? तिनं गाल बाजूला सारून पाहिलं. जखम छान भरली होती, एकही टाका निसटला नव्हता.

"मग का नाही ओढला, अक्का?"

"तुना हातवर भरोसा शे ना!"

ज्योत्स्नाचा ऊर अभिमानानं भरून आला. पण एक प्रश्न तिला अजून सोडत नाही. याच दोऱ्याचे टाके दुसऱ्या एका पेशंटच्या तोंडात दोन आठवड्यांत विरघळले. मग भिकुबाईंच्या तोंडात ते महिनाभर का टिकले?