शेवंडीच्या सहा शेपट्या

लग्न होऊन मी पेठकडच्या पाड्यावरून नाशिकला आले, तेव्हा माझ्या हातची भाकरी सोडून सासूबाईंना काहीच आवडत नव्हतं. बोलायच्या नाहीत, पण भाजीवर वरून मीठ-मसाला घ्यायच्या. सत्तरचं दशक संपत आलं होतं.

एका रविवारी सकाळी धाकटे दीर मुंबईहून आले. परदेशात मासळी पाठवणाऱ्या कारखान्यात ते कामाला होते. त्यांनी डबा उघडला, तर बर्फात हाताएवढ्या सहा शेपट्या.

"वहिनी, ही शेवंड, इंग्रजीत लॉबस्टर. याच शेपट्या बाहेर जातात."

सासूबाई वाकून बघून मागे सरल्या. "असलं किडं माझ्या भांड्यात नको."

"आत्याबाई, मी करू?" मी विचारलं. "आमच्याकडं ओहोळातले खेकडे करतो ना."

"कर. नासलं तर तूच खा."

खेकड्यासारखंच करायचं म्हणून मी एक शेपटी रश्श्यात टाकली आणि अर्धा तास उकळू दिली. मांस रबरासारखं झालं. दिरांनी कसंबसं चावून गिळलं. सासूबाईंनी नुसतं माझ्याकडे पाहिलं.

मग मी शांत बसून विचार केला. खेकड्यात मांस थोडं, इथं तर जाडजूड गड्डा. हे झिंग्याच्या जातीचं. आई झिंगे तव्यावर टाकायची आणि रंग पालटला की लगेच उतरवायची.

शिवणाची कात्री धुऊन घेतली. पोटाकडची पातळ कातडी दोन्ही कडांनी कापून काढली, मांसातला काळा दोरा ओढून टाकला. हळद, मीठ, ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची चोळली. तीन शेपट्या पाठीवर ठेवून तव्यात तेलावर टाकल्या, वर झाकण. उरलेल्या दोन ठेवल्या शेगडीच्या निखाऱ्यांवर, तशाच कवचासकट. झाकण उचलून सारखी बघत होते. काचेसारखं मांस पांढरंशुभ्र झालं, त्याच क्षणी उतरवलं. मांस सोडवून घेतलं. कवचं पाट्यावर ठेचली, पाण्यात उकळून गाळली आणि त्या पाण्यात भाजलेला कांदा, सुकं खोबरं आणि काळा मसाला घालून रस्सा केला.

घरात सासूबाई, दीर, माझे मालक आणि मी, असे चौघंच होतो. सगळे जेवायला बसले. सासूबाईंनी निखाऱ्यावरचा एक तुकडा तोंडात घातला, डोळे मिटले आणि मीठ-मसाल्याच्या डब्याकडे हातसुद्धा नेला नाही. वाटीभर रस्सा पिऊन त्यांनी वाटी परत पुढे केली.

"लय ग्वाड हाय," त्या म्हणाल्या. "हे कुठं शिकलीस?"

"आत्ताच, आत्याबाई."

दीर हसायला लागले. माझे मालक मान खाली घालून जेवत होते, त्यांचेही खांदे हलत होते.

शेवटची एक शेपटी ताटलीत उरली होती. दिरांनी हात पुढे केला, तर सासूबाईंनी तो बाजूला सारला आणि ती माझ्या ताटात वाढली.

"करणारीनं खायचं."

मी ती सगळ्यांच्या देखत खाल्ली, अगदी सावकाश.