मिळाली असं समजावं

चेन्नईत अड्यारच्या आमच्या ऑफिसात नियमावलीसाठी ई-मेलची व्याख्या लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण कॉम्प्युटरमधलं मला कळतं असा सगळ्यांचा समज होता. माझाही होता. मी लिहिलं: ज्याला पाठवली त्याच्या खात्यात ई-मेल दाखल झाली, की ती त्याला मिळाली असं समजावं.

आवक-जावक सांभाळणारे कारकून तंजावरकडचे मराठी, निवृत्तीला आलेले. ते मला म्हणाले, "मी टपाल देताना घेणाऱ्याची सही घेतो. इथं सही कोण करणार?" मीटिंगमध्ये मी हेच वाक्य त्यांच्या तमिळ हेलात म्हणून दाखवलं. सगळे हसले. ते फायली घेऊन दाराशी उभे होते. व्याख्या मंजूर झाली.

पुढच्या वर्षी बदल्यांच्या नोटिसा ई-मेलनं गेल्या. हरकत घ्यायला पंधरा दिवस होते. मुदत संपल्यावर कारकुनांच्या हातात थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला, एन्नोरला बदलीचा आदेश पडला. साहेबांनी त्यांना माझी व्याख्या वाचून दाखवली.

ते माझ्या टेबलाशी आले. "नोटीस आली होती म्हणतात. कुठं आली, ते जरा दाखवा."

मी त्यांचं खातं उघडलं. नोटीस होती, वेळेत आलेली, न वाचलेली. ते माझ्या बोटांकडे बघत होते.

"माझा पासवर्ड तुम्हाला ठाऊक आहे?"

ठाऊक होता. खातं मीच तयार केलं होतं, पासवर्ड मीच ठेवला होता, आणि त्यांना तो सांगायचा राहून गेला होता.

साहेबांची केबिन समोरच होती, दारही उघडं होतं. मी उठलो नाही.