'पुट ऑन' म्हणायचं राहिलं

"टेक ऑफ युअर पगोटं!" सरांनी हुकूम सोडला आणि सगळा वर्ग माझ्याकडे वळला.

इंग्रज सरकारचं राज्य. वाशीमला आम्हा खेड्यांतल्या मास्तरांचा इंग्रजीचा वर्ग चाले. सरांचा शेरा चांगला मिळाला तरच नोकरी पक्की. सर हुकूम देत, आम्ही तो करून दाखवायचा. 'सिट डाउन' म्हटलं की बसा, 'गेट अप' म्हटलं की उठा. एवढे दोन शब्द बदलले की माणूस उलटा फिरे. मला गंमत वाटायची.

बाकीच्यांना सरांनी कोट काढायला लावले. लगेच 'पुट ऑन' म्हणून घालायलाही लावले. टोप्यांना हात नाही. मी महार, दाराशी जोड्यांजवळ बसणारा. माझ्याकडे कोट कुठला? पगोटं होतं, गावाहून, इंझोरीहून, निघताना बापानं बांधून दिलेलं. आमच्यात चारचौघांत डोकं उघडं होतं ते घरात मयत झाल्यावर.

मी काढलं. "पुट इट डाउन!" जोड्यांजवळ ठेवलं. मग 'पुट ऑन'ची वाट पाहत राहिलो. सर फळ्याकडे वळले ते वळलेच. घंटा होईस्तोवर मी बोडका बसलो.

"कोन मेलं गा तुह्या घरी?" पुढून एकानं विचारलं. सगळे हसले.

मीही हसलो. शेऱ्यासाठी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

शनिवारी घरी गेलो. बापानं पगोट्याची धूळ झटकली.

"पडलं का रे?"

"हो, बा."

पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच हुकूम. मी उभा राहिलो. डोक्याला हात लावला नाही.

"सर, मांगच्या खेपेले 'पुट ऑन' म्हनाचं राह्यलं तुमचं. थे आंधी म्हना."

"शेरा पायजे का नाही तुले?"

"पायजे. पन पगोटं नाही काढत."

या खेपेला कोणी हसलं नाही. शेरा वाईट आला, मास्तरकी गेली. घरी जाऊन बापाला सांगितलं, "पडलं नव्हतं बा. म्याच काढलं होतं."

बाप मान खाली घालून बसला.

आता पगोटं मीच बांधतो. हुकमानं ते उतरणार नाही. कोणाला उतरवायचंच असेल तर त्यानं जवळ यावं, मला शिवावं आणि आपल्या हातानं उतरवून दाखवावं.